पालुपदाला बहुमत

लोकप्रिय मालिकेतला सर्वांत आवडता संवाद कोणता, यावर चाहत्यांची मतं मागवली की निकाल मतदानाआधीच सांगता येतो. जो संवाद मालिकेत सर्वांत जास्त वेळा म्हटला गेला, तो जिंकतो. 'सीआयडी'च्या चाहत्यांना विचारा. 'दया, दरवाजा तोड दो' पहिला येईल आणि 'कुछ तो गडबड है' दुसरा. फार तर याच्या उलट. ही मालिका सोनीवर १९९८च्या जानेवारीत सुरू झाली, २०१८पर्यंत चालली, भाग दीड हजारांच्या वर गेले, २०२४च्या डिसेंबरात ती परतही आली. एवढ्या पसाऱ्यात लेखकांनी किती पानं लिहिली असतील! त्यातली दोन वाक्यं अंतिम फेरीत आणि बाकी सगळ्यांची अनामत जप्त.

मुंबईत असल्या मतदानांना तोटा नाही. रविवारी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पोल टाकतं आणि पाणी कधी येणार हा विषय संध्याकाळपर्यंत मागे पडतो. गाडीतल्या ग्रुपमध्ये डोंबिवलीला निघालेला वाद दादरला उतरतानाही मिटलेला नसतो. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर 'संवाद ओळखा' असतंच. मी स्वतः यात हिरिरीने मत देतो, तेव्हा 'लोकांना मजा करू द्या की' हे मला ऐकवण्याची गरज नाही. करावीच. माझी तक्रार निकालाला आपण जे नाव देतो त्याबद्दल आहे. आपण म्हणतो, ही लोकांची आवड. मोजलेली असते ती पुनरावृत्ती. आणि हा निकाल ग्रुपवर हसून विसरला जात नाही. तो वाहिन्यांच्या बैठकीपर्यंत पोचतो, तिथून लेखकाच्या टेबलावर येतो आणि पुढची मालिका त्याच्या हिशेबाने लिहिली जाते.

'साराभाई व्हर्सेस साराभाई' घ्या. कफ परेडमधलं घर, आतिश कपाडिया यांचं लेखन, देवेन भोजानींचं दिग्दर्शन. २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर सत्तरच्या आसपास भाग झाले. तेव्हा टीआरपी बेताचाच होता. लोक तिच्या प्रेमात पडले ते नंतर, पुनःप्रक्षेपणं बघत बघत. रत्ना पाठक शाह यांची माया सुनेला टोमणे मारते ते बहुतेक एकाच मुद्द्यावर असतात, मोनिशाच्या मध्यमवर्गीय सवयींवर; पण वाक्य बहुतेक वेळा नवं. उपमा नवी, सुरुवात नवी, शेवटी शब्दावर दिलेला दाब नवा. कांदिवलीच्या दोन खोल्यांत बसून आपण स्वतःवरच हसत होतो, ते तिच्या शब्दांच्या निवडीमुळे. मायाचा एकही टोमणा 'दरवाजा तोड दो'इतक्या वेळा आपल्या कानावर आलेला नाही, कारण एकदा वापरलेला टोमणा ती सहसा पुन्हा काढत नाही. हाच तिचा खानदानीपणा.

आता हिशेब मांडू. समजा शंभर जण मत देताहेत. सत्तर जणांना टोमणे आवडतात, पण प्रत्येकाच्या मनातला टोमणा वेगळा. यादीत असे सात आहेत; प्रत्येकाला दहा मतं पडली. उरलेले तीस जण एका ठरलेल्या पालुपदामागे उभे राहिले. तीस मतांवर पालुपद निवडून आलं, आणि ज्यांना ते फारसं आवडत नाही असे सत्तर जण घरी बसले. महापालिकेच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला मतविभागणी समजावून सांगावी लागत नाही. इथे तर मतं खाणारे सातही उमेदवार एकाच पक्षाचे.

त्यात तिकीटवाटप. एक्सवरच्या पोलमध्ये चारच पर्याय देता येतात. चार वाक्यं कोणती, हे ठरवणारा माणूस अर्धा निकाल तिथेच लावून टाकतो, आणि त्याला चटकन आठवतात ती वाक्यं अर्थातच स्टिकरवर छापलेली. व्हॉट्सॲपवर बारा पर्याय चालतात आणि एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची सोय ठेवता येते. ती ठेवली तर वरचा तीसवाला विजय बऱ्याचदा टिकत नाही, कारण टोमण्यांचे शौकीन सातही टोमण्यांवर खूण करू शकतात. पण पोल टाकणारे 'एकच निवडा' असंच करतात. एकच निवडायचं म्हटल्याशिवाय भांडण रंगत नाही, हेही खरंच.

ही झाली मोजणीची गफलत. ती सुधारता येते. दुसरी अडचण तशी सुधारत नाही. काही मालिका लोकांच्या इतक्या जवळच्या आहेत, आणि त्यातलं एकही वाक्य लोक म्हणून दाखवत नाहीत. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. २००१ साली अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, ती सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या सदरातून ती आलेली, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या: पाच माणसं, एक घर, आबांची डायरी. मुंबईतल्या मराठी घरांत या मालिकेबद्दल विचारलं तर माणसांचे चेहरे खुलतात. मग विचारा, 'एक संवाद सांगा.' समोरचा माणूस थांबतो. 'अगं, तो भाग नाही का, ज्यात...' असं म्हणून तो सगळा भागच सांगायला लागतो. कोण काय लपवत होतं, कोणाला काय वाटलं, मग आबा काय म्हणाले. विनोद त्या गुंत्यात होता. वाक्य बाहेर काढलं की हातात काहीच उरत नाही. संवादाच्या मतदानात टिपरे कुटुंबाचा निकाल शून्य. त्यांच्याबद्दलच्या प्रेमाचा या शून्याशी काडीचाही संबंध नाही.

माझ्या मते मालिका म्हणून हा गुण मोठा आहे. पात्रं इतकी घट्ट उभी असतात की साधं 'बरं' म्हणण्यातही हशा येतो. 'बरं' या शब्दाला कोण मत देणार?

सगळा भागच सांगण्याची ही जुनी रीत कुठून आली त्याचाही विचार करायला हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' त्याच दशकाच्या अखेरीस आली, प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चाळीत एखाद्याच खोलीत टीव्ही, बाकीचा मजला तिथे दाटीवाटीने बसलेला. रेकॉर्ड करायची सोय घराघरांत नव्हती. भाग एकदा लागला, संपला. ज्याची तेव्हा दुसरी पाळी होती त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी गाडीत कुणीतरी तो सांगायचा, आणि सांगायचा तर प्रसंगच सांगावा लागे, कारण ऐकणाऱ्याने पाहिलेलाच नसे. सांगणाऱ्याला थोडी नक्कल, थोडा ताल, थोडी पदरची भर घालावी लागे. आज ऐकणाऱ्याने तीच पंधरा सेकंदांची क्लिप सकाळपासून चार वेळा पाहिलेली असते. त्याला सांगायचं काय? नुसतं वाक्य फेकायचं, त्याने पुढचं वाक्य फेकायचं, दोघांनी हसायचं. 'तूही पाहिलंस, मीही पाहिलं' एवढीच त्यातली देवाणघेवाण. ती वाईट नाही. चर्चगेटच्या गर्दीत अनोळखी माणसाशी दोन क्षणांत दोस्ती व्हायला असलं वाक्य फार उपयोगी पडतं. पण मालिकेची पारख करायला ते कमी पडतं.

पुनरावृत्तीचा सर्वांत ठळक पुरावा मालिकांबाहेरचा आहे. मराठीत आवडत्या संवादांवर मतं मागवा, विषय मालिकांचाच आहे असं ठणकावून सांगा, तरी तासाभरात कुणीतरी 'धनंजय माने इथेच राहतात का?' टाकणारच. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा चित्रपट. पण माझ्या नंतरच्या पिढीने तो थिएटरात पाहिलेला नाही. टीव्हीवर इतक्या वेळा लागला की त्यांच्यासाठी ती मालिकाच झाली. आता तो संवाद टी-शर्टवर आहे, वाढदिवसाच्या बॅनरवर आहे, पावभाजीच्या गाडीवर आहे. लिहिला वसंत सबनीसांनी. हे नाव त्या टी-शर्टवाल्यांपैकी किती जणांना सांगता येईल याची मी पैज लावणार नाही. हरण्याची भीती नाही, जिंकण्याची लाज वाटेल.

आणि इथे मी माझ्या खऱ्या मुद्द्यावर येतो. आवडत्या संवादांचं मतदान हा चाहत्यांच्या जगातला एकमेव सोहळा आहे जिथे विषय थेट लिखाणाचा असतो. अभिनेता कोण आवडतो, जोडी कोणती आवडते, शीर्षकगीत कोणतं, याच्या स्पर्धा वेगळ्या होतात. संवाद म्हणजे कागदावर उतरलेलं वाक्य. तरी पोलमध्ये वाक्याखाली नाव असतं ते पात्राचं, फार तर नटाचं. 'सीआयडी'चा एसीपी प्रद्युम्न म्हटलं की शिवाजी साटम आठवतात, बोटं फिरवणारा त्यांचा हातही दिसतो. त्या मालिकेसाठी श्रीधर राघवन यांनी कितीतरी भाग लिहिले, पुढे त्यांनी मोठाले हिंदी चित्रपट लिहिले, हे दया आणि अभिजितची प्रत्येक लकब पाठ असलेल्या चाहत्याला बहुधा ठाऊक नसतं.

यात नटाचं श्रेय कमी करायचा हेतू नाही. 'विच्छा माझी पुरी करा' सबनीसांनीच लिहिलं, आणि दादा कोंडके त्यात दर प्रयोगाला नवी भर घालायचे हे सगळ्यांना माहीत आहे. वाक्य कुणाचं, ते प्रत्येक वेळी कातरीने कापून दाखवता येत नाही. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये समीर चौघुले किंवा प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात आणि स्वतःच करतात, तिथे हा प्रश्नच फारसा उरत नाही. प्रेक्षकांना लेखक माहीत असतो, कारण तो समोर उभा आहे. अडचण आहे ती डोळ्यांआड बसलेल्याची.

दैनंदिन मालिकेचा लेखक कसा काम करतो हे गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सेटवर एक दिवस काढला तरी समजतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येकात वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. गुरुवारी टीआरपी आला की ठरलेली गोष्ट वळते, कधी मेलेलं माणूस जिवंत होतं. आधीच शूट करून ठेवलेल्या भागांची बँक संपलेली असली तर सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो. पानं फोनवर येतात, नट मेकअप करता करता वाचतो. पैसे भागामागे, आणि ते हातात पडायला महिनोन्महिने. या गडबडीत एखादं झकास वाक्य जाऊन बसलं तर ते आपण लिहिलं हे खुद्द लेखकाच्याही ध्यानात राहत नसेल. मालिका ओटीटीवर गेली की श्रेयनामावली सुरू होताच पुढचा भाग सुरू करणारं बटण समोर येतं. त्या बटणावर बोट ठेवणारे आपणच.

यावर एक चांगला आक्षेप आहे, आणि तो मी नेहमी ऐकतो. म्हणी कुणी रचल्या? 'नाचता येईना अंगण वाकडं' याचा लेखक कोण? लोकांच्या तोंडी रुळलं की वाक्य लोकांचं होतं, लेखकाचं नाव गळून पडतं, हाच त्याचा मान. शिवाय लोक वाक्य आहे तसं ठेवतही नाहीत. 'बीम मी अप, स्कॉटी' हे 'स्टार ट्रेक'चं म्हणून जगभर ओळखलं जातं. मूळ मालिकेत नेमकं हे वाक्य या शब्दांत कुणी उच्चारलेलंच नाही. लोकांनी घासून गुळगुळीत केलं. आपल्याकडे पाठभेद नवे नाहीत. 'ज्ञानेश्वरी'त लोकांच्या तोंडून शिरलेले पाठ निवडून काढायला एकनाथांना शके १५०६मध्ये बसावं लागलं.

आक्षेप मला पटतो तो इथपर्यंतच. म्हणीच्या कर्त्याला मीरा रोडच्या फ्लॅटचा हप्ता भरायचा नव्हता. मालिकेचा संवादलेखक आज जिवंत आहे, पुढच्या कामाच्या शोधात आहे, आणि त्याच्या वाक्यावर टी-शर्ट विकले जाताहेत. २०१२च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क कागदावर पक्का केला. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते. कागद आणि खिसा यांच्यातलं अंतर कापायला लेखकांच्या संघटना झटताहेत. अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, मालिका, नाटक, चित्रपट लेखकांची 'मानाचि' आहे. पण करार करायला बसलेल्या लेखकाचं वजन शेवटी त्याच्या नावावर ठरतं. नटाला चाहते नाव देतात, म्हणून त्याचा भाव वाढतो. लेखकाला नाव देणं चाहत्यांच्या हातात असताना, आणि तेही नेमक्या संवादाच्या मतदानात, आपण ते देत नाही. एकनाथांनीसुद्धा पाठ शुद्ध केला, ग्रंथ ज्ञानेश्वरांच्याच नावावर ठेवला.

वाहिन्यांच्या बैठकीत या मतदानांचं काय होतं, तेही बघू. 'लोकांना पालुपद आवडतं' हा निष्कर्ष तिथे पोचायला वेळ लागत नाही. मग नव्या पात्राची ओळख करून देतानाच विचारतात, याचं हुकमी वाक्य काय? सासू, वकील, रिक्षावाला, प्रत्येकाच्या गळ्यात एक वाक्य बांधायचं, ते आलं की पार्श्वसंगीताचा दणका, कॅमेरा तीन वेळा चेहऱ्यावर. पहिल्या आठवड्यात हसू येतं, तिसऱ्या महिन्यात आपण त्या क्षणी पाणी प्यायला उठतो. पालुपद ही हलकी कला नाही. कीर्तनात, भारुडात, पोवाड्यात लोक त्याचीच वाट बघत बसतात, आणि ते ज्या क्षणी परतायला हवं त्याच क्षणी परतलं तर सगळा मांडव डोलतो. पण मधली कडवी चांगली असतात म्हणून पालुपद चांगलं लागतं. नुसत्या पालुपदांची मालिका लिहायला सांगणं म्हणजे शाहिराला कडवी गाळायला सांगणं.

म्हणून पुढच्या वेळी पोल टाकणाऱ्यांना माझी विनंती अशी की पालुपदं आणि संवाद एका यादीत घालू नका. पालुपदांची स्पर्धा वेगळी घ्या. तिथे दया खुशाल दरवाजे तोडू दे, माझंही मत त्यालाच. संवादांच्या स्पर्धेत मात्र नामांकन देणाऱ्याने दोन ओळींत प्रसंग सांगावा: कोण कुणाला म्हणालं, त्याआधी काय झालं होतं. ज्याला प्रसंग सांगता येत नाही, त्याचं वाक्य बाद. एवढ्या एका नियमाने यादी बदलून जाईल. टिपऱ्यांचं 'बरं'सुद्धा आत येऊ शकेल, कारण प्रसंग सांगितला की 'बरं' कळतं. एकापेक्षा जास्त वाक्यांना मत द्यायची मुभा ठेवा. आणि वाक्याखाली पात्र, नट यांच्याबरोबर संवादलेखकाचं नाव लिहा. ते शोधायला श्रेयनामावलीशी थांबावं लागेल, अक्षरं बारीक असतील, एका मालिकेचे तीन-तीन संवादलेखक बदललेले निघतील आणि अमुक भाग कुणाचा यावर ग्रुपवर नवं भांडण लागेल. लागू द्या. मायाचा टोमणा मोठा की तिच्या नवऱ्याची, इंद्रवदनची खोडी मोठी, यापेक्षा ते भांडण नवं तरी असेल.

वाहिन्यांना यात फारसं काही करायचं नाही. मालिकेची क्लिप समाजमाध्यमांवर टाकताना त्या नटाला टॅग करतात, दिग्दर्शकाला करतात, साडीच्या दुकानालासुद्धा करतात. त्याच ओळीत संवादलेखकाचं नाव बसतं.